फळ्यानं सावधान म्हटलं

संपादकांनी फोनवर विषय सांगितला, 'वर्गातील तंत्रज्ञान : संधी आणि आव्हाने', आणि मला एकदम उप्पिटाचा वास आला. याच नावाची प्रशिक्षणं मी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत बेळगावात इतकी घेतली आहेत, की त्यांतलं आता फक्त मधल्या सुट्टीतलं उप्पीट आठवतं. पडद्यावर एक बाण यायचा, त्यावर 'संधी' लिहिलेलं असायचं. मग दुसरा बाण यायचा, त्यावर 'आव्हाने'. मग लाईट जायची. लाईट येईपर्यंत आम्ही बायका एकमेकींच्या साड्यांची चौकशी करायचो आणि आम्हाला शिकवायला आलेला बिचारा खिडकीपाशी उभा राहून मोबाईलवर कुणालातरी 'करंट इल्ला' म्हणून कळवळून सांगत राहायचा.

तेव्हा बाणांविषयी मला काही लिहिता येणार नाही. एका फळ्याविषयी लिहिते.

मी मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत पहिलीची बाई होते. गावाचं नाव घालत नाही, कारण हा अंक तिथल्या वाचनालयात जातो आणि मला अजून त्या गावात हळदीकुंकवाला बोलावतात. बेळगावहून बस पकडायची, हायवे सोडून आत वळलं की ऊस लागतो, मग रताळ्याची शेतं, मग आमची शाळा. आमच्या भागातल्या शाळेची गंमत बाहेरच्यांना सांगावी लागते. पोरं घरात मराठी बोलतात, बसची पाटी कन्नडमध्ये असते, टीव्ही हिंदीत चालतो आणि आईबापांना हवी असते इंग्रजी. पहिलीत आलेलं आमचं पोर चार भाषांत रडू शकतं.

पहिलीला शिकवणं हे अंगमेहनतीचं काम आहे. लोकांना वाटतं, अ आ इ तर शिकवायचं, त्यात काय! त्यांनी एकदा पहिलीच्या वर्गाकडं पाठ करून फळ्यावर नुसतं 'कमळ' लिहून दाखवावं. 'क' काढेपर्यंत एकानं दुसऱ्याच्या नाकात पेन्सिल घातलेली असते. म्हणून जुनी बाई फळ्याला काटकोनात उभी राहते, उजव्या हातानं लिहिते आणि डावा डोळा वर्गावर ठेवते. आम्हा सगळ्यांच्या माना म्हातारपणी एकाच बाजूला दुखतात.

तंत्रज्ञानाशी आमची पहिली गाठ कोरोनात पडली. शाळा बंद, म्हणून आम्ही 'पहिली अभ्यास' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. मी सकाळी अभ्यास टाकायचे. पण घरात मोबाईल एक, आणि तो बापाच्या खिशातून बेळगावजवळच्या मच्छे गावी कारखान्यात गेलेला. संध्याकाळी बाप आला की पोरं पाटीवर लिहिलेलं फोटो काढून पाठवायची. आमचे हेडमास्तर चौगुले सर शिस्तीचे माणूस. कुठलाही फोटो आला की ते न चुकता उत्तर द्यायचे, 'छान! असाच सराव सुरू ठेव.' एकदा एका पालकानं चुकून आमच्या ग्रुपवर म्हशीचा फोटो टाकला. खाली लिहिलेलं, दुसऱ्या वेताची आहे, गरीब आहे, कुणाला पाहिजे असल्यास कळवणे. सरांनी म्हशीलाही सराव सुरू ठेवायला सांगितलं. म्हैस त्याच ग्रुपवर विकली गेली. ऑनलाइन शिक्षणाचा गावाला झालेला ठळक फायदा विचाराल तर तो एवढा.

आता फळा. गावात मारुतीअण्णा म्हणून फौजेतून सुभेदार होऊन आलेले गृहस्थ होते. मिशा, पॉलिश केलेले बूट आणि आवाज असा की गावच्या टोकाला हाक मारली तर दुसऱ्या टोकाची कुत्री उठून बसायची. शाळेच्या देखरेख समितीचे ते अध्यक्ष. त्यांचा मुलगा परशराम मच्छेला एका कारखान्यात होता. त्या कारखान्याचे साहेब दरवर्षी एखाद्या शाळेला काहीतरी भेट द्यायचे. परशरामानं शब्द टाकला आणि आमच्या शाळेला स्मार्ट बोर्ड आला.

स्मार्ट बोर्ड म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगते. एक पांढरा फळा, त्यावर वरून यंत्रानं चित्र पडतं. फळ्याच्या चौकटीतून न दिसणारे किरण ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत जात असतात. बोट लावलं की किरण अडतो आणि फळ्याला समजतं, इथं कुणीतरी दाबलं. गाईला बोट लावलं की गाय हंबरते, बदकाला लावलं की बदक ओरडतं. कंपनीच्या माणसानं आमच्या फळ्यात एक गोठा भरून दिला होता, एक प्रार्थना दिली होती आणि एक कवायत. कवायतीतला आवाज इतका करारी होता की त्यानं 'सावधान!' म्हटलं की शेजारच्या खोलीत भात शिजवणारी शेवंताक्का डाव तसाच वर धरून थांबायची.

फळा आल्यावर चौगुले सरांनी पहिलं काम केलं ते म्हणजे त्याच्यावर घरची चादर घातली. दुसरं काम, चादरीला चिठ्ठी लावली : 'हात लावू नये.' मी म्हटलं, "सर, हा हात लावायचाच फळा आहे."

"बाई, किंमतीची वस्तू हाय. पोरांची बोटं कसली असत्यात तुम्हाला ठाऊक हाय."

ते मला चांगलंच ठाऊक होतं. तरी मी भांडले, कारण भांडल्याशिवाय मला सरकारी शाळेत काही मिळाल्याचं आठवत नाही. शेवटी आठवड्यातून एकदा, हात धुऊन, ओळीनं, एकेका पोरानं एकेक बोट लावायचं असं ठरलं. पोरं देवळात दर्शनाला जावीत तशी जायची. काही पोरं बोट लावून झाल्यावर नमस्कारही करायची.

आणि मग खंडेनवमी आली. आमच्याकडं खंडेनवमीला जे जे उपयोगाचं ते ते पुजतात. विळा, पंप, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, मोटारसायकल, सगळ्याला हळदकुंकू आणि झेंडूची माळ. शाळेतही पाटीपूजन असतं. त्या वर्षी साहजिकच मान नव्या फळ्याचा. शेवंताक्कानं घरच्या झेंडूची मनगटाएवढी जाड माळ केली आणि चौकटीला वरून अशी घसघशीत सोडली, की फळा लग्नाला निघाल्यासारखा दिसायला लागला. चौगुले सरांनी नारळ फोडला. अध्यक्ष म्हणून मारुतीअण्णांनी फळ्याला चक्क सॅल्यूट ठोकला. आणि पूजेची माळ दिवाळीच्या पाडव्यापर्यंत उतरवायची नसते, हा आमच्याकडचा रिवाज. ट्रॅक्टरवर ती वाळून कुरकुरीत होते, गळत जाते, पण हात कुणी लावत नाही. आम्हीही लावला नाही.

आता खरी गोष्ट सांगायला हवी, म्हणजे मी तेव्हा घाबरले का होते ते.

मारुतीअण्णांची नात ईश्वरी पुढच्या जूनला पहिलीत येणार होती. आणि तिच्या आईला, रेखाला, तिला शहरात इंग्रजी शाळेत घालायचं होतं. त्या शाळेची पिवळी बस नुकतीच गावात यायला लागली होती, अगदी आमच्या शाळेच्या कोपऱ्यावर थांबायची. गावात त्या वर्षी पहिलीला येण्यासारखी पोरं मोजकी, आणि सगळ्यांचे आईबाप सुभेदारांच्या अंगणाकडं डोळे लावून बसलेले. अध्यक्षांचीच नात बसमध्ये चढली तर बाकीची कशाला आमच्याकडं येतात? पहिली भरली नाही की पुढच्या वर्षी दुसरी नसते, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरी नसते. शाळा अशी खालून वाळत जाते. माझी निवृत्ती जवळ आली होती. माझ्या हातानं माझा वर्ग बंद करून, कुलूप लावून जायची वेळ येईल, ह्या विचारानं मला जेवण जात नव्हतं.

मारुतीअण्णा सरळ माणूस. ते येऊन म्हणाले, "बाई, दिवाळी झाली की तिकडचं ॲडमिशन सुरू हुतंय. सूनबाई म्हणतीया, मराठी शाळेत हाय काय? मी म्हटलं, आमच्या शाळेत बी फळा हाय. तुमी एकदा पालकांना बोलवा आणि दावा. तिला पटलं तर पोरगी हितं. न्हाय पटलं तर मला काय बोलाय येणार न्हाय."

पालकसभा ठरली. सकाळी मी फळा लावून बघितला. एक बोट, एक गाय. एक बोट, एक बदक. अगदी शहाण्यासारखा वागला. मी चादरीची घडी घातली आणि नवी साडी नेसून आल्याचा मला आनंद झाला.

दुपारी पालक पोरांसकट जमले. रेखा पुढच्या बाकावर, हाताची घडी घालून. शेजारी ईश्वरी, दोन शेंड्या, एका पायात चप्पल, कारण दुसरी वाटेत कुणाच्यातरी कोंबडीला मारलेली. मारुतीअण्णा भिंतीशी ताठ उभे. खोली भरली, उकडायला लागलं. चौगुले सर पाहुण्यांची काळजी करणारे. ते उठले आणि त्यांनी पंखा पाचवर केला.

मी गाईला बोट लावलं. गाय हंबरली. पालक हसले. मी हात खाली घेतला. गाय परत हंबरली. मी पालकांकडं बघून 'ही जरा प्रेमळ आहे' असं म्हणाले, आणि तोवर गाय, बदक आणि कुत्रा एकदम सुरू झाले. मी फळ्याला हातही लावलेला नव्हता. मग गोठा आपोआप बंद झाला आणि प्रार्थना लागली. आमची पोरं संस्कारी. प्रार्थनेचा सूर कानावर पडताच सगळी उभी राहिली, हात जोडले, डोळे मिटले. त्यांचं बघून पालकही उठले. दोन ओळी झाल्या आणि परत गाय. पालक बसले. परत प्रार्थना. पालक उठले. एक आजीबाई म्हणाल्या, "एकदा काय त्ये ठरीव की रं बाबा, माझं गुडघं दुखूलाल्यात."

आणि मग फळा कवायतीवर गेला.

"सावधान!"

पोरांनी टाचा जुळवल्या. आणि भिंतीकडून खाडकन आवाज आला. मारुतीअण्णांनीही जुळवल्या होत्या. छाती पुढं, हनुवटी वर, नजर समोर. माणूस निवृत्त होतो, टाचा होत नाहीत.

"विश्राम!" अण्णांचा पाय बाजूला. "सावधान!" पाय परत जागेवर. फळ्याला आता जोर चढला. सावधान, विश्राम, सावधान, गाय, सावधान, बदक, विश्राम. अण्णांचा चेहरा लाल झाला. दात आवळून ते म्हणाले, "बाई, बंद करा त्ये!" पण पाय काही त्यांचं ऐकेनात. बदकालाही एकदा त्यांनी टाच जुळवली.

चौगुले सरांनी कंपनीला फोन लावला. पलीकडचा कन्नड माणूस शांतपणे म्हणाला, "रिस्टार्ट माडी सर." रिस्टार्ट केलं. फळ्यानं नव्या दमानं सावधान म्हटलं. तेवढ्यात शेवंताक्का आतून मीठमोहऱ्या घेऊन आली. "नजर लागलीया त्येला. पूजेदिवशी बगिटलं न्हवं, सगळं गाव टकामका बगत हुतं!" तिनं दृष्ट काढली आणि चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात लिंबूमिरची बांधली. लिंबू लोंबायला लागलं तशी गाय थांबेचना. आता ती श्वासही न घेता हंबरत होती.

ह्या सगळ्यात एक माणूस मात्र मनापासून खूष होतं. ईश्वरी. ती आधी बाकावर उभी राहिली, मग बाकावरून खाली पडली, मग जमिनीवर लोळून हसायला लागली. तिला उचकी लागली. उचकीतून ती ओरडत होती, "आई, फळा आज्ज्याला ओरडूलालाय!" घरात ज्यांच्या आवाजानं भांडी वाजायची, त्या आज्जाला एक फळा उठवत बसवत होता. पाच वर्षांच्या आयुष्यात तिनं ह्याहून सुंदर काही पाहिलं नव्हतं.

शेवटी मी वायर उपटली. पालक उठून गेले. रेखा जाताना एवढंच म्हणाली, "बाई, तिथल्या फळ्याला माणसं कळत्यात." मारुतीअण्णा मान खाली घालून गेले, आणि ते मला जास्त लागलं.

सगळे गेल्यावर मी एकटीच त्या खोलीत बसले. रडकुंडीला आले होते. पंखा तसाच फिरत होता. मी रागानं वायर परत लावली, म्हटलं, आता बोल काय बोलायचं ते. फळा उजळला, गोठा लागला, आणि मी बघत असताना वरून झेंडूची एक पाकळी गळून चौकटीच्या खालच्या काठावर पडली. ती टेकली आणि बदक ओरडलं.

मी पंख्याकडं बघितलं. मग माळेकडं. वाऱ्यानं माळ झुलत होती आणि वाळलेली फुलं, एकेक करत, किरणांच्या आडवी येत होती. फळ्याच्या हिशेबानं त्याला एकाच वेळी शेकडो बोटं लागत होती, आणि बिचारा सगळ्यांना उत्तर द्यायचा प्रयत्न करत होता. सकाळी पंखा बंद होता म्हणून तो शहाणा होता. वर आम्ही त्याला लिंबाचं एक बोट जास्तीचं लावून दिलं होतं. मी एकटीच बाकावर बसून इतकी हसले की शेवंताक्का मला बघायला आली, आणि मलाही काहीतरी लागलंय अशी तिची खात्री झाली.

माळ काढायला ती तयार नव्हती. "पाडव्याच्या आत काढायची न्हाय बाई. भलतं हुतंय."

"व्हायचं ते झालंय आक्का," मी म्हटलं आणि माळ काढून खडूच्या जुन्या फळ्याला घातली. पुढं कितीतरी दिवस आक्कानं वाढलेल्या माझ्या सांबारात भाजी आली नाही, नुसतं पाणी.

दुसऱ्या दिवशी मी सुभेदारांच्या घरी गेले. झालं ते सांगितलं. अण्णा खुर्चीत बसून बूट पुसत होते. "बाई, तुमी झेंडू म्हणताय, मला पटतंय," ते म्हणाले. "पण काल चहाच्या गाड्याव गेलतो. मागनं कुणीतर सावधान म्हटलं. माझ्या हातातला चहा सांडला. गावात माझी काय राहिली सांगा." मला हसू येत होतं आणि माणसाचं वाईटही वाटत होतं. आतून रेखानं सांगितलं की दिवाळी झाली की शहरातल्या शाळेत नाव घालायचं ठरलंय. झालं. मी उठले.

तेव्हा ईश्वरी आली आणि माझ्या पदराला लोंबकळली. "मी तुमच्यात येणार. तिकडं जाणार न्हाय." तिची आई रागावली, अण्णा रागावले. ती जमिनीवर आडवी पडली. मला वाटलं, दोन दिवसांत विसरेल. पण आमच्या भागातलं पोर हट्टाला पेटलं की रताळ्यासारखं जमिनीत घट्ट बसतं. दिवाळी झाली, संक्रांत झाली, होळी झाली, ईश्वरीचा ठेका तोच. शेवटी मेमध्ये अण्णा शाळेत येऊन माझ्याकडं न बघता म्हणाले, "पयल्या दिवशी आणून सोडतो. सूनबाई म्हणाली, बसू दे एक दिवस, हौस फिटू दे. रडाय लागली तर तिथनंच बसमध्ये घालणार. बसवाल्याला सांगून ठेवलंय. तिकडची सीट हाय तशी हाय."

जूनमध्ये शाळा उघडली. दाराला आंब्याची पानं, पोरांना गोड शिरा. वर्गात पहिलीची पोरं होती, पण ती नुसती आणून बसवलेली, नावं घालायची की नाही हे कोपऱ्यावर उभ्या असलेल्या आयांनी अजून ठरवलेलं नव्हतं. अण्णांची मोटारसायकल आली. ते दारातच थांबले, हातात ईश्वरीचं दप्तर धरून. "आत येत न्हाय मी," म्हणाले. फळ्याकडं त्यांनी बघायचंही टाळलं. त्यांच्या मागं, कोपऱ्यावर, पिवळी बस येऊन उभी राहिली.

ईश्वरी पळत फळ्यापाशी गेली. मी चादर काढली, गोठा लावला. पोरीनं गाईला बोट लावलं. गाय एकदा हंबरली.

ती थांबली. मागं वळून आज्जाकडं बघितलं. परत बोट लावलं. गाय परत एकदा हंबरली आणि गप्प झाली. ईश्वरीनं दोन्ही हात फळ्यावर आपटले. फळ्यानं शिस्तीत एक बदक ओरडवलं.

"ह्यो त्यो न्हवं," ती म्हणाली. ओठ वाकडे व्हायला लागले. "ह्यो शाणा झालाय."

आणि तिनं भोकाड पसरलं. पहिल्या दिवशीचं रडणं हे सांसर्गिक असतं. तिच्यामागं एकेक करत सगळा वर्ग सुरू झाला. दारात अण्णांनी दप्तर ह्या हातातून त्या हातात घेतलं. कोपऱ्यावर बसनं हॉर्न दिला. आया एकमेकींकडं बघायला लागल्या. चौगुले सर कंपनीला फोन लावत होते, कशासाठी ते त्यांनाही ठाऊक नसावं.

त्या क्षणी मला संधीही दिसली नाही आणि आव्हानही दिसलं नाही. मला फक्त ती पोर माझ्या वर्गात हवी होती. मी माझे दुखरे गुडघे टेकले, तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "ईश्वरी, त्याच्या अंगातलं निघालं ते माझ्या अंगात आलंय. दाबून बघ."

तिनं रडणं अर्धवट थांबवून माझ्याकडं संशयानं बघितलं. मग माझा उजवा कान धरला.

मी हंबरले. मी चांगली शिकलेली, पेन्शनीला आलेली बाई, सगळ्या गावादेखत, पोटातून, लांबच लांब हंबरले.

वर्ग गप्प झाला. ईश्वरीनं डावा कान धरला. मी बदक झाले. दोन्ही कान धरले, मी दोन्ही झाले, कसं ते आता विचारू नका. पोरं उठून माझ्याभोवती आली. कुणी हनुवटी दाबली, मी हात जोडून प्रार्थना सुरू केली. कुणी वेणी ओढली, मी कुत्र्यासारखी भुंकले. रडणारी पोरं नाक पुसून आपली पाळी यायची वाट बघू लागली. बाहेरच्या आया दारात गोळा झाल्या. त्यांच्यात मागं रेखाही दिसली. ती केव्हा आली होती कोण जाणे.

मग ईश्वरीनं माझं नाक दाबलं.

दाबल्या नाकानं जितकं करारी ओरडता येतं तितकं मी ओरडले, "सावधान!"

पोरांच्या टाचा जुळल्या. आणि दारात खाडकन आवाज आला. दप्तर खाली पडलं होतं. सुभेदार मारुतीअण्णा छाती पुढं काढून, हनुवटी वर करून, ताठ उभे होते.

ईश्वरीनं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं.

कोपऱ्यावर बसनं पुन्हा हॉर्न दिला, लांब. अण्णांनी मान न हलवता, नुसते डोळे फिरवून बसकडं बघितलं, मग माझ्याकडं. ओठ न हलवता म्हणाले, "बाई, विश्राम म्हणा की."

"कुणी दाबल्याशिवाय कशी म्हणू, अण्णा?"

"ईश्वरे," अण्णा तसेच ताठ उभे राहून म्हणाले, "दाब की गं."

ईश्वरीनं आज्जाकडं बघितलं. बसकडं बघितलं. आणि दोन्ही हात पाठीमागं नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले.

ड्रायव्हरनं आणखी एकदा हॉर्न वाजवून बघितला. मग बस वळली आणि उसाच्या कडेनं निघून गेली.